खांडीत टाकलेलं नाव

सुरुवातीलाच एक कबूल करतो, म्हणजे तुम्हाला मला शिव्या द्यायला सोपं जाईल. ऐन पंचविशीत मी भुतांच्या गोष्टी लिहायचो. किशोरांच्या एका मासिकात, दर महिन्याला... हडळ, मुंजा, बुजवलेली विहीर, जे संपादक मागतील ते. आणि त्यातल्या एका अक्षरावरही माझा विश्वास नव्हता. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, कारण ती कशात तळलीय हे त्याला ठाऊक असतं... तसंच. या सदरात लिहिणारे बहुतेक जण 'मी असलं काही मानत नव्हतो' म्हणतात. मी त्यांच्या एक पाऊल पुढे होतो, मी असलं काही बनवायचो! तेव्हा पुढचं वाचून 'हाही बनवतोय' असं कुणाला वाटलं तर माझी तक्रार नाही. फक्त या वेळी खाली खरं नाव टाकतोय. का, ते शेवटी कळेल.

साल १९८१. पावणे गावातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी टाइमकीपर होतो. म्हणजे कामगार किती वाजता आले ते लिहायचं आणि स्वतः उशिरा पोचायचं. गिरगावातून रोज ये-जा जमेना, म्हणून ठाणे-बेलापूर रोडवर तळवली गावात खोली घेतली. घरी पत्रात मी ऐटीत लिहिलं, 'आता नव्या मुंबईत राहतो.' नवी मुंबई तेव्हा मुख्यतः बोर्डांवर होती. रोडच्या एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला गाव, गावामागे भातशेती, शेतीच्या टोकाला मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधापलीकडे तिवरांचं रान आणि खाडी. ती जमीन सरकारनं घेतली होती. पण कागदावर गेली होती, चिखलावर अजून होती. भरावाचे ट्रक येईपर्यंत पिकवायची, असं गावानं ठरवलं होतं.

घरमालक हिराजीकाका. साठीचे, काटक, कमरेला आगरी रुमाल. खोली देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पवता येतंय काय?"

"हो तर!" मी म्हणालो. थाप. मला बादलीतही भीती वाटायची.

घरात काकांची बायको बामाकाकी आणि नात जयवंती. जयवंतीची आई ती लहान असतानाच गेली होती, बाप जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा उगवायचा. पोरगी पंधरा वर्षांची, नववीत, दोन वेण्या, आणि जीभ... विचारू नका. माझ्या खिशाला पेन असायचं म्हणून सगळं गाव मला 'मास्तर' म्हणायचं. माझं खरं नाव फक्त पोस्टमनच्या तोंडी. तो रस्त्यावरूनच "माधव गोविंदऽऽ" असा पुकारा करायचा आणि जयवंती आतून तश्शीच नक्कल करायची.

मासिकाचा अंक आला की पहिली वाचक तीच. ओट्यावर बसून आज्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. पहिल्याच वेळी ती थांबली.

"दादा, हितं तर लिवलंय 'लेखक – रणधीर समशेर'. हा कोन?"

"मीच. टोपणनाव आहे."

ती अशी हसली की कोंबड्या पळाल्या. "रणधीर! परवा झुरळ बघून खाटेवर चढले होते!"

काका मात्र हसले नाहीत. विडीचा झुरका घेऊन म्हणाले, "म्हंजे ह्या तुजा खोटा नाव. का रं मास्तर, खऱ्यानी लिवायला भीती वाटतंय?"

मी म्हणालो, "काका, साहित्यात चालतं असं."

"चालत असंल," काका म्हणाले. "बांधावर नाय चालत."

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

कळलं त्या पावसाळ्यात. पौर्णिमा-अमावस्येला खाडीला उधाण येतं, आणि आपल्याकडे उधाणाची भरती ऐन दुपारी, बारा-साडेबाराला चढते. खाडीचं पाणी बांधाच्या कडेला टेकतं. बांधाला कुठे तरी भगदाड पडलं की खारं पाणी शेतात घुसतं आणि भात गेलाच, शिवाय पुढची दोन-तीन वर्षंही त्या जमिनीत काही उगवत नाही. त्या भगदाडाला तिथे 'खांड' म्हणतात. खांड पडली की हातातला घास टाकून सगळं गाव बांधावर.

त्या दिवशी सुट्टी होती. आम्ही जेवायला बसलो होतो. जयवंती मध्येच ताटावरून उठली, जमिनीवर दोन्ही पाय टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "आजा, तलवं फुरफुरतान. तिसऱ्या उघाडीच्या अंगाला."

उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची लाकडी झडप. काकांनी विचारलंसुद्धा नाही. पेंढ्याचा भारा डोक्यावर, मेखा खांद्यावर, आणि निघाले. मी गंमत बघायला मागे. तिसऱ्या उघाडीजवळ बांध कोरडा ठणठणीत दिसत होता. काकांनी पहार मारली तर आतून पाणी उसळलं... बांध पोखरला गेला होता. अर्ध्या तासात फुटला असता.

"कसं कळतं हो तिला?" मी विचारलं.

"लहान होती तवापासून कलतंय. माज्या आयला पन कलायचा."

माझ्या मनात उत्तर तयार होतं: पोरगी चिखलात वाढलेली, खेकड्यांची बिळं बघून अंदाज करत असेल. आजही ते उत्तर मला पूर्ण चुकीचं वाटत नाही.

माणसं ओळीनं उभी राहून चिखलाचे गोळे पुढे देत होती. मी उत्साहात ओळीत घुसलो आणि जयवंती दोन माणसं सोडून दिसली म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, "जय—"

बामाकाकींनी हातातला चिखलाचा गोळा सरळ माझ्या तोंडावर मारला. नेम उत्तम. तोंडात पाव किलो खाडी.

"खांडीवर नाव नाय घ्यायचा कोनाचा!" त्या कुजबुजल्या. मी थुंकत उभा. मग लक्षात आलं, इतकी माणसं, इतकी धावपळ, पण कुणी कुणाला नावानं हाक मारत नव्हतं. नुसतं "ए भाव", "ए बाय", "वरच्या, दे रं!" संध्याकाळी काकांनी सांगितलं. उघडी खांड तोंड वासून असते. तिथे ज्याचं नाव घेतलं, ते नाव ती धरून ठेवते. मग नावामागनं माणूस येतो.

यावर शहाण्या माणसानं काय करावं? हात जोडावेत, गप्प बसावं. मी काय केलं? खोलीत जाऊन वहीत लिहून घेतलं. वर लाल शाईनं शेरा: 'मसाला!!'

त्यातून माझी क्रमशः कथा सुरू झाली. नायिका पंधरा वर्षांची मंदाकिनी. तिला तळपायांतून पाण्याची चाहूल लागते, खाडीतल्या अमानवी शक्तींशी ती एकटी झुंजते, वगैरे. मुलांची पत्रं येऊ लागली. सांगलीच्या एका मुलीनं लिहिलं की मीही आता रोज अनवाणी चालते. मी हवेत. फक्त माझी पहिली वाचक खूश नव्हती.

"दादा, ही बांधावर पांढरा झगा घालून जाते? चिखलात?"

"वातावरणनिर्मिती असते ती."

"आनि केस मोकळे? तिवरात अडकून टकली होईल ती! आनि दर पानावर रडते कनाला? मी रडते काय?"

"अगं, ती तू नव्हेस."

"पाय तर माजेच हायेत," ती म्हणाली. आणि हलकेच, "मग नाव मंदाकिनी कनाला?"

आता माझ्या अकलेचं प्रदर्शन बघा. पुढच्या उन्हाळ्यात संपादकांचं पत्र आलं, जुलैच्या अंकात कथा संपवा, त्या जागेवर शब्दकोडं येणार आहे. म्हणजे माझ्या नायिकेला शब्दकोड्यानं मारलं! मी म्हटलं, मरायचंच आहे तर दणक्यात मरू दे. आणि पोरीला सरप्राइजही देऊ. शेवटच्या प्रकरणात बांध फुटतो, गाव बुडायला येतं, आणि नायिका खांडीत उभी राहून ओरडते – मंदाकिनी हे माझं खरं नाव नाही, माझं खरं नाव जयवंती! आणि पाणी ते नाव घेतं, खांड मिटते, नायिका बांधात विरून जाते. समाप्त. लिहून झाल्यावर मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली होती... हात पोचेल तितकी.

अंक आला. जयवंती ओट्यावर मोठ्यानं वाचत होती. मी दाराआड लपून तिच्या किंचाळण्याची वाट बघत होतो. त्या ओळीपाशी आवाज थांबला. मी बाहेर आलो. तिनं अंक उलटा ठेवला होता आणि ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"तुमी माजा नाव खांडीत टाकलाव, दादा."

"अगं, गोष्टीतली खांड ती! कागदाची!"

"किती लोक वाचतील?"

"हजारो!" मी अभिमानानं म्हणालो.

"म्हंजे हजार वेला टाकलाव," ती म्हणाली. आणि आत गेली.

मला वाटलं, रुसली. चार दिवसांत विसरेल.

तीन आठवड्यांनी शाळेतून चिठ्ठी आली: आपली मुलगी सतत गैरहजर असते. काकी चिडल्या, कारण पोरगी रोज दप्तर घेऊन जात होती. मी शाळेत गेलो. बाईंनी हजेरीपुस्तक दाखवलं, जयवंतीच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी. आणि जयवंती समोर दुसऱ्या बाकावर! बाई गडबडल्या, म्हणाल्या, "नाव घेते तेव्हा ही 'हजर' म्हणतच नाही हो. ऐंशी मुलं, मी मान वर करून कुठे बघत बसू?" मी जयवंतीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "बाय माजा नाव घेतच नाय."

बाईंनी तिच्या समोर, मोठ्यानं नाव घेतलं. ती पुढच्याची वाट बघत उभी राहिली. जणू बाईंनी नुसते ओठ हलवले होते.

बाकी सगळं ऐकू येत होतं. कुजबुज, घड्याळाची टिकटिक, लांबच्या ट्रकचा हॉर्न. फक्त तिचं नाव नाही. ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मशीन लावून तपासलं, कान उत्तम. मी त्यांना नाव घेऊन दाखवा म्हटलं, त्यांनी घेतलं. तिनं विचारलं, "डॉक्टर, तुमी काय बोललाव?" डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मनावर परिणाम झालाय, काही भीती बसलीय का? मी म्हणालो, कल्पना नाही. थापांचा माझा हिशेब तेव्हा बराच वाढला होता.

पण मनावरचा परिणाम म्हणावा, तर पुढचं कशात बसवू?

आषाढातली अमावस्या. शनिवार होता, अर्धा दिवस भरून मी बाराच्या सुमारास घरी आलो. जयवंती मागच्या दारी भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ. काकी चुलीपाशी. मला अजून वाटत होतं की हा हट्ट आहे, माझ्यावरचा राग आहे. म्हटलं, बेसावध पकडू. मी तिच्या मागे दोन हातांच्या अंतरावर जाऊन जोरात ओरडलो, "जयवंतीऽऽ!"

तिनं मान वळवली नाही. भांड्यावर राख घासत राहिली.

आणि शेतांपलीकडून, बांधाकडून, उत्तर आलं.

"ओऽऽ..."

तिचाच आवाज. रोज शाळेतून आल्यावर काकींच्या हाकेला ती द्यायची तश्शीच 'ओ', शेवटी किंचित चढणारी. ती माझ्यासमोर बसली होती, तोंड मिटून. चुलीपाशी काकींच्या हातातली भाकर खाली पडली. म्हणजे ते मी एकट्यानं ऐकलं नव्हतं. काकींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करायचं म्हटलं तर माझी आयुष्यभराची विशेषणं कमी पडतील.

जयवंतीनं हात धुतले, उठली, आणि चालू लागली. सरळ, शेतांच्या बांधावरून, खाडीच्या दिशेनं. काकी धावल्या, मी धावलो. तिला गाठलं तेव्हा ती तिसऱ्या उघाडीशी पाण्यात कमरेपर्यंत उभी होती आणि हातपाय बर्फासारखे. ओढून बाहेर काढली तर म्हणाली, "मना कोनीतरी बोलवला." कुणी, ते सांगता येईना.

त्या दिवसापासून तिचे तळवेही गप्प झाले. पाण्याची चाहूल बंद. आता पाण्यालाच तिची चाहूल होती.

संध्याकाळी काकांनी मला ओट्यावर बसवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, तुना सांगितला होता, खांड नाव धरते. तरी लिवलास."

"काका, चुकलं. मी पुढच्या अंकात खुलासा छापतो..."

माणूस किती मूर्ख असू शकतो याची मर्यादा मला आजवर सापडलेली नाही. खुलासा!

"खांड मासिक नाय वाचत," काका म्हणाले. "ज्यानी नाव टाकला त्यानी काढायचा. खांड उघडी असताना त्यात उभा राहायचा नि आपला नाव द्यायचा. एक द्यायचा, एक घ्यायचा. माज्या आज्यानी दिलेला मी बघलाय."

"मग त्यांचं काय झालं?"

काका विडी विझवत म्हणाले, "त्याचा तो जाने."

पुढचं मोठं उधाण श्रावणाच्या शेवटी, पिठोरी अमावस्येचं. बांधाची डागडुजी त्या वर्षी कुणी केली नव्हती, जमीन कागदावर परकी झालेली, कोण करणार? तो फुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. आणि फुटला की जयवंती तिकडे जाणार, आणि आमच्या सहा हातांना ती कितपत आवरणार, हे आम्हा तिघांना माहीत होतं. त्या महिन्यात पोरगी वाळत गेली. एकदा मला म्हणाली, "दादा, तुमच्या गोष्टीत ती शेवटाला बांधात गेली तवा तिला दुखला काय?"

मी म्हणालो, "नाही गं."

"तुमी लिवायला पायजे होता तसा. वाचनाऱ्याला बरा वाटला असता."

पिठोरीच्या दिवशी पाऊस नव्हता. आभाळ राखाडी, वारा पडलेला, डोळ्यांना टोचणारा उजेड. बाराला दहा-पंधरा मिनिटं असतील, तिसऱ्या उघाडीशी बांध गेला. काकींनी जयवंतीला घरात कोंडून आपल्या पदराशी गाठ मारून बांधलं होतं. मी आणि काका धावलो. मागून गाव.

खांड दोन हात रुंद होती आणि बघता बघता चार हात झाली. काका आत उतरले, त्यांनी मला मनगटाला धरून ओढलं. पाणी छातीला लागलं. आठवतंय ना, मी पोहता येतं म्हणून सांगितलं होतं? पायाखालचा चिखल सरकत होता. मागे माणसं ओळीनं, हातात गोळे, पेंढा, मेखा... आणि सगळे गप्प. त्यांनाही ठाऊक होतं.

"बोल," काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरंच सांगतो, 'माधव' हेच ओठांवर होतं. आणि तेवढ्यात पाण्याचा आवाज बदलला. आत ओढून घेतलेल्या श्वासासारखा. काहीतरी ऐकायला थांबलंय असा. आणि माझ्यातला तो बनवाबनवी करणारा, झुरळाला भिऊन खाटेवर चढणारा लेखक पुढे झाला.

मी ओरडलो, "रणधीर समशेर!"

मागच्यांना पाण्याच्या खळखळाटात ते नीट ऐकू गेलं नाही. पाणी तसंच चढत राहिलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, एकच क्षण. रागानं नाही. पोरानं शाळेत चोरी केली म्हणून बाप बघतो तसं. मग त्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं आणि त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत.

ओढ थांबली. एकदम. "दे रं!" कुणीतरी ओरडलं आणि गोळे पडायला लागले. दीडच्या सुमारास ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती.

घरी आलो तर काकी दारात उभ्या, पदराची गाठ तशीच. मला बघून त्यांनी घाबरत घाबरत मागे वळून हाक मारली, "जयवंती..."

"काय गो आजे? वरडते कनाला, हितंच तर हाय!"

काकी खालीच बसल्या. जयवंतीनं माझ्याकडे बघितलं. "दादा... तुमी नाव दिलाव?"

आणि मी... चिखलानं माखलेला, मागून आलेलं सगळं गाव बघतंय... मी म्हणालो, "हो."

ती माझ्या पाया पडली.

इथवरचं एक वेळ माफ होईल. पुढचं सांगताना आजही कानशिलं तापतात. मी नाटक केलं. दोन दिवसांनी पोस्टमननं "माधव गोविंदऽऽ" पुकारलं आणि मी मुद्दाम पुस्तकात डोकं घालून बसलो, ऐकू न आल्यासारखा. जयवंती धावत जाऊन पत्र घेऊन आली, हळूच माझ्या हाताशी ठेवलं. नक्कल केली नाही. तेव्हापासून तिनं ती नक्कल पुन्हा कधीच केली नाही. महिनाभर मी असा बहिरा. चांगला जमला होता.

काकांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरात त्यांचं नाव घेणार कोण? काकी नवऱ्याचं नाव घेत नसत, 'आवो' म्हणायच्या. नातीला 'आजा'. गावाला 'काका', 'पाटील', 'बाबा'.

भाद्रपदात मी त्यांच्याबरोबर रेशनच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं कार्ड उघडून पुकारलं, "हिराजी!" काका रांगेत समोरच. "हिराजी! ओ, हिराजी कोन?" चार वेळा. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते, शांत, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत असे. मागचा माणूस हसला, "म्हातारा भयरा झाला!"

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग हसले.

"मना बोलवला काय?"

घरी येताना वाटेत मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तू समशेर बोल्लास. मी आयकला," काका म्हणाले. "कोनाचा तरी खरा लागतो, मास्तर."

"मी पुढच्या उधाणाला जातो. माझं देतो. खरं."

"खांड बुजली आता. बुजलेल्या खांडीला काय देतंस?" डोक्यावरची पिशवी सरळ करत ते चालत राहिले. मग म्हणाले, "पोरीला सांगू नको. तिला वाटतंय दादानी नाव दिला. तसा वाटू दे. चांगला वाटतंय तिला."

दिवाळीतल्या अमावस्येला दुपारी काका जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. भरतीची वेळ होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. साठीचा माणूस, विड्या ओढणारा. फक्त त्यांचे पाय घोट्यापर्यंत ओल्या चिखलानं माखलेले होते, आणि काकी शपथेवर सांगत होत्या की ते ओट्यावरून हललेच नव्हते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा बांधावर गेलो. भरदुपार. तिसऱ्या उघाडीशी उभा राहून माझं नाव घेतलं. 'माधव'. मोठ्यानं, तीनदा. बांध मातीचा बांध होता, पाणी पाणी. मग न राहवून हाक मारली, "हिराजीकाका..."

"ओ," पायाखालून आलं. नेहमीसारखं, थोडं कंटाळलेलं. विडी ओढताना मध्येच हाक मारली की ते द्यायचे तसं.

मी पळालो. दुसरं काय करणार?

त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही. १९८५ मध्ये खोली सोडली. ८७-८८च्या सुमाराला भराव आला, बांध गेला. आज तिथून रस्ता जातो, पलीकडे सोसायट्या आहेत, आणि खाली काय आहे हे कुणाला माहीत असायचं कारण नाही. आता याचं स्पष्टीकरण? मनावरचा परिणाम, योगायोग, म्हाताऱ्याचं हृदय, माझी अपराधी भावना... सुटं सुटं सगळं पटतं. एकत्र केलं की दुपारची ती 'ओ' उरते. तिचं मला काही करता आलेलं नाही.

जयवंती सुखात आहे. नातवंडं आहेत. दर पिठोरीला फोन करते. इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही, नवऱ्यालाही मारू दिली नाही. तिला वाटतं, मला ते ऐकू येत नाही आणि वाईट वाटेल. मागच्या पिठोरीला तिच्या नातवानं फोनच्या पडद्यावरचं नाव वाचून मागून ओरडून विचारलं, "आजे, माधवमामा कोन?" तर तिनं त्याला दटावलं, "गप, त्याचा नाव नाय घ्यायचा. त्यानी माज्यासाठी दिलाय तो."

मी फोन कानाला लावून गप्प बसलो. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

– माधव